मुकीचा उपयोग

४ फेब्रुवारी

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडून टाकणार असशील तर आधी एवढं वाच. पत्र कामाचं आहे. रडगाणं नाही, माफी नाही आणि तुला घरी बोलावणंही नाही. फोनच केला असता, पण माझा नंबर तू अडवून ठेवलास. तुझ्या भावजींच्या फोनवरून करून बघितला, तर तोही अडवलेला. त्या बिचाऱ्यांनी तुझं काय घोडं मारलं होतं?

तर काम असं. डोंगराच्या उतारावरून पाण्याची मोठी पाइपलाइन जाणार आहे. ओढ्यापासून वर डोंगरमाथ्याच्या धारेपर्यंतच्या पट्ट्यातली झाडं पडणार. वन कार्यालयाने एक नियम काढलाय, की ज्या झाडाचा लोकांना पूर्वापार काही उपयोग आहे ते तोडायचं नाही, पाइप वाकवून न्यायचा. झाडं ओळखून दाखवायला आणि उपयोग सांगायला मला नेमलंय. रोपवाटिकेत माती चाळत बसले होते, तिथून उठवून बूट आणि टोपी दिली. टोपी मोठी होते, सारखी डोळ्यांवर येते.

नेमलं म्हणजे दुसरं कोणी नव्हतंच. आई गेल्यापासून या डोंगरातलं झाड न् झाड ओळखणारी मी एकटी. आणि त्या झाडाचं पुढे काय करायचं ते माहीत असलेली तू एकटी, ती जाऊन बसलीस शहरात, साबणाच्या कारखान्यात वास तपासत. काय पण वाटणी केली आईने आपली! लोक शेत वाटतात, भांडी वाटतात, हिने डोंगर वाटला. मी झाडासमोर उभी राहून साल, चीक, वास सगळं शिकायची आणि तू झाडाकडे पाठ करून उभी. मग मी कानांत बोटं घालून लांब जायची आणि ती तुला उपयोग सांगायची. तू एकदा वळून बघितलंस तर केवढा मार खाल्लास. 'भांडलात तरी एकमेकींचं तोंड बघावं लागेल,' म्हणायची. ती आणि मावशीही अशाच शिकल्या होत्या. मावशीने मरताना आपला वाटा आईच्या कानात सांगितला, म्हणून आईकडे दोन्ही आले. मरायला टेकल्याशिवाय आपला वाटा दुसरीला द्यायचा नाही, ही एवढीच सूट.

बऱ्याच झाडांचं मी निभावून नेलं. आईच्या हाताखाली एवढी वर्षं काढली, चुलीवर काय उकळतंय आणि कुणाच्या पायाला काय लागतंय ते दिसायचंच. फक्त मुकीचं तेवढं कळव. मुकी आठवते ना, म्हणजे नाव तरी? उतारावर तीच सगळ्यात जास्त आहे. कार्यालयात मी सांगितलंय काहीतरी, पण तुझ्याकडून पक्कं झालेलं बरं.

घाई नाही.

ताई


११ फेब्रुवारी

धाकटे,

घाई आहे.

पोस्टमनला रोज विचारते. आता तो मला बघून सायकल पलीकडच्या गल्लीतून काढतो.

मागच्या पत्रात मी 'सांगितलंय काहीतरी' असं लिहिलं होतं. ते काय सांगितलं ते लिहिते. म्हणजे तुला हसायचं असेल तर पोटभर हसता येईल.

वनाधिकारी मॅडम माणूस म्हणून चांगल्या आहेत. चढ चढताना धापा टाकतात, पण मागे राहत नाहीत. झाड तपासताना मी त्यांनाही पाठ करून उभं केलं. म्हटलं, आमच्यात कुणी बघत असेल तर झाड ओळखायचं नाही. बिचाऱ्या हातात वही धरून ओढ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांच्या पुस्तकात मुकीला आणि रडवीला एकच नाव आहे. मी म्हटलं दोन वेगळी झाडं आहेत, तर त्यांनी माझ्या शब्दावर दोन रकाने आखले. इतका विश्वास आजवर माझ्यावर तुझ्या भावजींनीसुद्धा टाकलेला नाही.

रडवीचं सोपं होतं. तिच्या डिंकाने भाजलेलं भरून येतं हे आता जगाला माहीत आहे, तुझ्या कृपेने. मग मुकी आली. 'उपयोग?' मॅडम म्हणाल्या आणि पेन टेकवून थांबल्या. मी वर बघितलं. त्या पट्ट्यात सावली अशी आहे ती सगळी मुकीची. सकाळी तुझे भावजी गुडघा धरून 'आई गं' करत उठले होते, तेच डोक्यात होतं, आणि तोंडातून निघून गेलं, 'गुडघ्यांना. साल उकळून शेक द्यायचा.' इतकं सफाईने बोलले की माझं मलाच पटलं.

खोटं बोलायचं म्हणून बोलले नाही गं. म्हणजे बोललेच, पण झाडं वाचवायला. 'माहीत नाही' म्हटलं असतं तर तो रकाना रिकामा राहिला असता, आणि रिकामा रकाना म्हणजे करवत. तू असतीस तर काय केलं असतंस? तुला काही विचारलं की तू 'मला काय माहीत' म्हणून मोकळी होतेस, म्हणून विचारते.

आता कार्यालयाने प्रत्येक झाडाला पत्र्याची पाटी ठोकली आहे. लोकांना माहिती व्हावी, जुनं ज्ञान टिकावं, असा त्यांचा हेतू. हेतू चांगलाच आहे. मुकीवरच्या पाटीवर लिहिलंय, 'सालीचा काढा. गुडघेदुखीवर गुणकारी.' गुणकारी हा शब्द माझा नाही, तो पाटी रंगवणाऱ्याने आपल्या मनाने घातला.

खरं काय ते लवकर कळव. खरंच गुडघ्यांचंच निघालं तर तुझं तोंड गोड करीन.

ताई


१९ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं मौन पुरे झालं.

तुझ्या भावजींनी ती पाटी वाचली. वाचली आणि घरी येऊन मला म्हणाले, 'अगं, लग्नाला इतकी वर्षं झाली, मी दिवसभर मशीनचं पायडल मारून गुडघे झिजवतोय, आणि तू हे औषध मला सांगितलं नाहीस?' त्यांना खरं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत गावभर. शिंप्याच्या दुकानात गोष्ट शिरली की कापडाच्या आधी तीच मापून होते. म्हटलं, 'विसरले.' तर लागलीच साल आणायला गेले. तेही त्या गुडघ्यांनी, चढावर!

पहिल्या दिवशी काढा मी गुपचूप ओतून दिला आणि चहाचं पाणी उकळून ठेवलं. त्याचाच शेक घेऊन म्हणाले, 'जरा हलकं वाटतंय.' मला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशीपासून ते स्वतः पातेल्यापाशी बसायला लागले. आणि ऐक, गुडघे खरंच बरे झाले. जिना न थांबता चढतात, दुकानाचं शटर एका दमात वर ढकलतात. जो कपडा शिवायला येईल त्याला काढ्याची कृती. माप कंबरेचं आणि गप्पा गुडघ्याच्या.

त्यानंतर काय झालं असेल ते मी तुला सांगायला नको. लोक उतारावर जायला लागले. कोयते, चाकू, एक बाई तर स्वयंपाकघरातली सुरी घेऊन आली होती. मुकी उंच, साल हाताला येते ती फक्त खालची. कमरेच्या उंचीला सगळीकडून सोलली की झाड वाचत नाही, हे तुला पाठ करून उभी असतानाही ऐकू आलेलं आहे. मी रोज तिथे जाऊन उभी राहते, ओरडते. लोक म्हणतात, 'बाई, तुम्हीच तर सांगितलंत.' आणि सोलत राहतात.

डोंगरातल्या औषधांचा व्हिडिओ काढायला आलेल्या त्या कॅमेरावाल्याला तू रडवीचा डिंक सांगितलास तेव्हाही असंच झालं होतं. लोक आले, रडवी त्यांना ओळखता येईना, तर खालच्या वाटेवरचं तसं दिसणारं सगळंच सोलून गेले. तू बॅग घेऊन दारात आलीस आणि मी तुला आत घेतलं नाही. 'आईला विकून आलीस,' म्हणाले. तू तेव्हा म्हणालीस, 'कुणाला तरी सांगितल्याशिवाय हे उरणार कसं?' तेव्हा नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. आता त्या उतारावर उभी असते आणि तुझंच बोलणं डोक्यात फिरत राहतं. तू निदान जे खरं होतं ते सांगितलंस.

बाकी भांडण राहू दे बाजूला. काल तुझे भावजी शेक घेता घेता पातेल्यातला घोटभर काढा प्यायले. म्हणे, बाहेरून एवढा गुण येतो तर आतून किती येईल. मी पातेलं हिसकावून घेतलं. आज दुकानात शेजारच्या न्हाव्यालाही पाजला, असं उड्या मारत सांगितलं मला. मुकीच्या सालीत विष आहे का? मला माहीत नाही. मला तिचा वास माहीत आहे, चव माहीत आहे, पण आम्ही जिभेला लावून थुंकतो, गिळत नाही. एवढ्या डोंगरातलं मला सगळं येतं आणि नवऱ्याने काय गिळलं ते सांगता येत नाही.

शेजारच्या किराणा दुकानाचा नंबर खाली लिहिला आहे. माझ्याशी बोलू नकोस, त्यांच्याजवळ निरोप दे. विष आहे किंवा नाही, एवढा एक शब्द.

ताई


२६ फेब्रुवारी

धाकटे,

निरोप मिळाला, आणि मागोमाग तुझं कार्डही. किराणावाले धावत आले आणि दारातूनच ओरडले, 'विष नाही म्हणाली!' गल्लीत सगळ्यांनी ऐकलं. मी पायरीवर बसले आणि रडले. किराणावाले गोंधळून परत गेले.

मग कार्ड वाचलं, उभ्याने. तू लिहिलंस, 'मुकीचं काही नाही. विष नाही, औषध नाही. आई म्हणाली, हिचं काही नाही, पुढे चल. मी विचारलं, मग ताईला ओळखायला कशाला शिकवतेस? तर म्हणाली, हिला रडवी समजून कुणी कापू नये म्हणून. भावजींना चहा प्यायला सांग.'

एवढंच. खाली नावसुद्धा नाही. पण तू लिहिलंस.

आधी राग आला. वाटलं, इतकी वर्षं मी कानांत बोटं घालून लांब उभी राहिले, मला वाटायचं तिथे केवढं काय सांगितलं जातंय, आणि सांगितलं काय, तर पुढे चल! मग हसू आलं. मग भीती वाटली, कारण आता मला माहीत झालं होतं. जोवर तुझं उत्तर नव्हतं तोवर माझं खोटं थोडं खरं असण्याची आशा होती.

तुझ्या भावजींना सांगितलं. ते पातेल्याकडे बघत राहिले. म्हणाले, 'पण माझे गुडघे?' म्हटलं, ते तुमचे तुम्ही बरे केलेत. तर त्यावर खूश व्हायचं सोडून त्यांनी जेवण टाकलं आणि दुकानात जाऊन बसले. 'तू मॅडमना सांगितलंस त्याचं काही नाही, मला का फसवलंस,' म्हणतात. त्यांचंही बरोबर आहे. गुडघे मात्र अजून दुखत नाहीत, हे त्यांना कबूल करायचं नाहीये. मी बघते, जिना चढताना मुद्दाम लंगडतात.

मग कार्यालयात गेले. मॅडमच्या टेबलासमोर उभी राहिले आणि सांगून टाकलं. वाटलं होतं ओरडतील, कामावरून काढतील. त्यांनी वहीची पानं मागे उलटली. मग म्हणाल्या, 'बाकीच्यांचं खरं आहे ना?' मी म्हटलं, खरं आहे. 'हे मला कसं कळणार?' त्या म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात. वहीत नाव माझं, शब्द माझा, आणि तपासणारं कोणी नाही.

पाट्या काढल्या. साल सोलणं थांबलं. आणि मुकी यादीतून गेली. मी म्हटलं, उपयोग नसला म्हणून काय झालं, ती सावली आहे, पाखरं आहेत, ओढ्याचं पाणी तिच्या मुळांनी धरलंय. मॅडम म्हणाल्या, 'मला पटतं. पण नियमात तो रकाना नाही.' वर लिहून बघते म्हणाल्या. लिहिलंही त्यांनी. उत्तर एका दिवसात आलं, एवढ्या लवकर फक्त नकारच येतो.

पण रडवी राहणार. आणि दोन्ही एकमेकींत मिसळून उभ्या आहेत, बाहेरून सारख्या. करवतवाल्यांना कोण सांगणार कुठली ठेवायची आणि कुठली पाडायची?

'तुम्हीच,' मॅडम म्हणाल्या. 'दुसरं कोण आहे?'

ताई


५ मार्च

धाकटे,

रंग लावून झाला. ठेवायच्या झाडाला पांढरा पट्टा, पाडायच्या झाडाला लाल फुली. पहिली फुली मी डोळे मिटून काढली, ती फुली कमी आणि ओरखडा जास्त दिसते. आईने मुकी ओळखायला शिकवली ती कुणी कापू नये म्हणून, आणि मी तेच शिक्षण घेऊन तिला कापायला दाखवत फिरतेय. मॅडम मागे पाठ करून उभ्या होत्या. मी रडतेय हे त्यांना कळलं, पण वळल्या नाहीत. मीच त्यांना तसं शिकवलं होतं.

आता जे लिहिते ते नीट वाच. आईने हे कधी लिहू दिलं नाही. मला काही झालेलं नाही, मी मरायला टेकलेली नाही, खडखडीत आहे. तरीही लिहिते.

मुकी आणि रडवी, दोघींची साल राखाडी, दोघींची मुळं फळ्यांसारखी उभी, दोघींचा चीक पांढरा. मुळावर मूठ मार. रडवीचं मूळ घुमतं, मुकीचं मारलं तिथेच थांबतं. पण एवढ्यावर जाऊ नकोस, आतून पोकळ झालेली म्हातारी मुकीही घुमते, त्यात मी लहानपणी दोनदा फसले आहे. मग नखाने साल खरवड आणि आतली बाजू जिभेला लाव. रडवी तुरट, जीभ आखडते. मुकीला चवच नाही, जणू ओला कागद. तरी शंका आली तर खोडाला बारीक टोचा दे आणि थांब. रडवीचा चीक वाहत राहतो आणि थोड्या वेळाने कडेने लालसर होतो. मुकीचा दोन थेंब येऊन बंद होतो आणि वाळला तरी पांढराच राहतो. झालं. एवढंच आहे ते. एवढ्याशा गोष्टीसाठी तू मार खाल्लास.

का लिहिते ते सांगते. आईच्या रीतीत भोक आहे. तिला वाटलं, अर्धं अर्धं दिलं की दोघी धरून राहतील. तसं काही झालं नाही, आणि शिवाय ज्या वाट्यात मी एकटी आहे तिथे मी वाटेल ते बोलू शकते, आणि जगात कुणीही मला 'खोटं' म्हणू शकत नाही. तुझ्या वाट्यात मी खोटं बोलले तेव्हा निदान तू होतीस. उशिरा का होईना, तुझं कार्ड आलं. माझ्या वाट्यात मला अडवणारं कोणी नाही. सगळा दिवस रंगाचा डबा हातात होता आणि मी हाच विचार करत होते. कुठल्याही मुकीवर पांढरा पट्टा ओढला असता तरी कुणाला कळलं असतं?

ओढला. एका मुकीवर मी पांढरा पट्टा ओढला आहे.

एकाच. जास्त ओढले तर पाइपला वाट राहणार नाही आणि मग कुणीतरी येऊन सगळंच साफ करील. कुठली ते लिहिणार नाही. तिच्यासाठी पाइप वाकवावा लागेल, लोकांचं पाणी थोडं लांबेल, आणि मॅडम माझ्या शब्दावर सही करतील. त्या बाईला पुन्हा फसवायचं माझ्या जिवावर येतं. आणि ती फुली काढायचंही जिवावर येतं. मी दोनदा डबा घेऊन परत तिथपर्यंत गेले आणि दोनदा तशीच आले.

बाराव्या तारखेला करवती येणार, अकराला मॅडमची सही. त्याआधी ये. मी तुला घराबाहेर काढलं होतं, आता मीच बोलावतेय, हे मला दिसतंय. तुझ्याशिवाय मला करमत नाही हेही लिहून टाकते, एवढं लिहिलंच आहे तर. उतारावर एकटी जा, मी येणार नाही. वर सांगितलं तसं एकेक पांढऱ्या पट्ट्याचं झाड तपास. आणि ती सापडली, की काय करायचं ते आपण दोघी मिळून ठरवू. किंवा तू एकटीने ठरव. मला हे एकटीला पेलत नाही.

रंग तेलाचा आहे, पाण्याने जायचा नाही. पुसायचाच असं ठरलं तर रॉकेल आणून ठेवलं आहे.

ताई